कोपऱ्यातली सही

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर, माजघरात किंवा पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्याकडे एखादं जुनं कॅलेंडरचं चित्र नक्की असेल. कमळातली लक्ष्मी, मुरली वाजवणारा कृष्ण, नाहीतर नथ घातलेली, पदर सावरत मागे वळून पाहणारी एखादी तरुणी. तारखांची पानं कधीच फाडून झाली, पण चित्र टाकवलं नाही म्हणून राहिलं. आता सांगा बघू, ते चित्र कुणी काढलं?

तुम्ही म्हणाल, "अगंबाई, कॅलेंडरला कसला आलाय चित्रकार!" मीही ज्या ज्या घरी विचारलं, तिथे हेच उत्तर मिळालं. पण चित्र उजेडात न्या, खालचा कोपरा ओल्या नाही, कोरड्या मऊ फडक्याने हलकेच पुसा आणि नीट बघा. पुष्कळदा तिथे बारीक सही सापडते. आमच्या पोलादपूर-महाड भागातल्या घरांत मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं नाव म्हणजे मुळगावकर.

रघुवीर शंकर मुळगावकर मूळचे गोव्याचे. जन्म 1918 चा, मृत्यू 1976 चा. कारकीर्द मुंबईत झाली. देवादिकांची कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, मासिकांतली चित्रं असं त्यांचं काम अफाट होतं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथा आपल्या वडिलांनी, काकांनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. त्यांची वेष्टनंही याच हातची. त्यांच्या चित्रांतली कातडी कशी साईसारखी मऊ दिसते, बघा. कुंचल्याचा फटकारा कुठे दिसत नाही. याचं कारण असं, की ते एअरब्रश वापरायचे. हवेच्या दाबाने रंगाचा अगदी बारीक फवारा कागदावर बसतो, त्यामुळे एका छटेतून दुसरी छटा कुठे सुरू झाली ते कळतच नाही.

त्यांच्याच काळातले दुसरे दीनानाथ दलाल (1916 ते 1971), तेही गोव्याचेच. त्यांनी 1945 मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. तिसरे एस. एम. पंडित (1916 ते 1993), मूळचे गुलबर्ग्याचे, सिनेमाची पोस्टरं आणि पौराणिक चित्रं करणारे. जाणकारांना ही नावं पाठ आहेत. पण ज्यांच्या घरात ही चित्रं पन्नास वर्षं टांगलेली आहेत, त्यांना मात्र ठाऊक नाहीत. याचं कारण साधं आहे. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत नाव असायचं ते कापडाच्या किंवा किराणा दुकानाचं, कारण पैसे दुकानदाराचे! चित्रकाराच्या वाट्याला आला कोपरा. शिवाय 'हे काय, बाजारू काम' असं म्हणणारेही होतेच.

बाजारू म्हटलेल्या कागदाचे दिवस कसे पालटतात, त्याचं एक उदाहरण देते. महादेव विश्वनाथ धुरंधर (1867 ते 1944) म्हणजे जे. जे. कलाशाळेतलं मोठं नाव. त्यांनी मोठमोठी तैलचित्रं केली, तशी साधी टपालाची चित्रकार्डंही केली. त्यांत मुंबईतल्या नाना तऱ्हेच्या बायका, माणसं अशी काही टिपली आहेत, की त्या काळची लुगडी, दागिने, अंबाडे सगळं डोळ्यांपुढे उभं राहावं. ही कार्डं तेव्हा कुणीही विकत घेऊन पोस्टात टाकायचं. आज संग्राहक ती शोधत फिरतात, आणि 2018 मध्ये धुरंधरांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं होतं. तेव्हा कागद स्वस्त होता म्हणून त्यावरचं कामही हलकं, असं समजू नका.

आता ही चित्रं आमच्या डोंगराळ तालुक्यात आली कुठून? इथे काही छापखाने नव्हते. ती आली मुंबईच्या गिरण्यांतून. इथल्या घराघरांतला एक तरी पुरुष लालबाग-परळला गिरणीत असायचा. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी यायचा तो मुलांना खाऊ, बायकोला लुगडं आणि गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेली दोन-तीन कॅलेंडरं घेऊन. कॅलेंडर फुकट मिळायचं, पण त्यामुळे भिंत उजळायची. आमच्या घरातली कॅलेंडरं 1981 सालापर्यंतची आहेत, पुढची नाहीत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना परत कामावर जाता आलंच नाही. आमचे मामंजीही त्यांतलेच. ते ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. म्हणून म्हणते, चित्राखालचं दुकानाचं नाव, पत्ता, साल कधीही कापू नका. चौकटीत बसत नाही म्हणून पुष्कळजणी ती पट्टी कातरतात. आपलं माणूस कुठल्या गल्लीत राहत होतं, कुठून तेल-मीठ घेत होतं, ते त्या पट्टीवरच तर लिहिलेलं असतं.

संग्रह करावासा वाटला तर सुरुवात खर्चाची नाही. आधी स्वतःचं घर बघा. ट्रंकेचं झाकण आतून, कपाटाच्या फळीवर घातलेला कागद, फोटोच्या तसबिरीच्या मागचा पुठ्ठा (पुष्कळदा त्याला आधार म्हणून जुनं कॅलेंडरच घातलेलं असतं), पाटावरवंट्यावरच्या भिंतीचा खिळा. मग रद्दीवाला. त्याला सांगून ठेवा, की जुने दिवाळी अंक आले तर आधी मला दाखव. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची, तेव्हा साठा काही थोडाथोडका नाही. मुखपृष्ठ फाटकं असलं तरी अंक सोडू नका. आतल्या पानांत कथेसोबतची काळी-पांढरी चित्रं असतात आणि अनुक्रमणिकेत किंवा शेवटी बारीक अक्षरांत 'मुखपृष्ठ' म्हणून चित्रकाराचं नाव दिलेलं असतं. सही वाचता येत नसेल तर तिथे पडताळा मिळतो.

सगळंच गोळा करत बसू नका बरं का. घर आपलं, जागा बेताची. एक धागा धरा. एकच चित्रकार घ्या, किंवा एकच दशक, किंवा नुसती बायकांची चित्रं. मी स्वतः फक्त आमच्या दोन तालुक्यांतल्या घरांत लागलेली चित्रं बघते, आणि निम्म्याहून अधिक नुसती वहीत नोंदवून जिथल्या तिथे ठेवते. का, ते पुढे सांगते.

चित्र हातात आलं की पहिला प्रश्न येतो, हे छापलेलं की हाताने काढलेलं? त्याला एक भिंग पुरेसं आहे. मुलांच्या कंपासपेटीतलं प्लॅस्टिकचंसुद्धा चालेल. भिंगातून रंगाचे एकसारखे, ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती छपाई. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांच्या ठिपक्यांतून सगळं चित्र उभं केलेलं असतं. तमिळनाडूतल्या शिवकाशीला छापलेली असंख्य कॅलेंडरं अशीच आहेत. ठिपके ओळीत नाहीत, रवाळ आणि वेडेवाकडे आहेत, कागद जाड आहे, वर व्हार्निशचा पिवळट थर आहे, असं असेल तर ते दगडावरून छापलेलं त्याहून जुनं चित्र असू शकतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं अशा जातीची. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. आणि अशा चित्रातल्या देवीच्या लुगड्याला खरी जर, टिकल्या, मणी शिवलेले आढळले तर मुळीच उसवू नका! घरोघरच्या बायकांनी फावल्या वेळात केलेलं ते काम आहे. त्या चित्रावर दोन कलावंतांचे हात फिरलेत, फक्त दुसरीने सही केलेली नाही.

आता ट्रंकेची गोष्ट. मामंजींच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून मुळगावकरांची लक्ष्मी चिकटवलेली आहे. खाली लालबागच्या एका कापडदुकानाचं नाव आणि 1974 साल. रंग अजून ताजे, कारण ऊन कधी लागलंच नाही. गेल्या वर्षी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, दोघा भावांत सामानाची वाटणी झाली, तेव्हा गंजलेली ट्रंक कुणालाच नको होती. भंगारवाला दारात उभा होता. मी सासूबाईंना म्हटलं, "चित्र वाफेवर धरून हलकेच सोडवते. छान तसबीर करू, नव्या घरात दर्शनी भिंतीला लावू." त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी सोताच्या हातानं चिकटवलंय गो ते. संपानंतर त्यांच्या हातचं घरात दुसरं काय ऱ्हायलंय? ऱ्हाऊ दे तिथंच."

मला पटायला दोन दिवस लागले. भिंतीवर लावलं तर चार लोक बघतील, सही वाचतील, कौतुक करतील, हे खरंच होतं. पण माझ्या लेखी ते मुळगावकरांचं चित्र होतं आणि त्यांच्या लेखी नवऱ्याचं. दोन्ही खरं. मग जिचा हक्क जुना, तिचं ऐकायचं. यांनी ट्रंकेचा गंज पॉलिशपेपरने घासून बाहेरून रंग दिला, आत सासूबाईंची लुगडी गेली आणि ट्रंक नव्या घरात त्यांच्या खाटेखाली आली. मी चित्राचे उजेडात नीट फोटो काढले, माप घेतलं, वहीत नोंद केली. तेव्हापासून कुणाच्याही घरी चित्र पाहिलं की मी आधी मागत नाही. आधी विचारते, की हे इथे कुणी लावलं?

यानंतरचा भाग मात्र कान देऊन वाचा, कारण आपला मुलूख पावसाचा. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते ती आमच्या पोलादपुरावरून महाडला जाते आणि तिथे तिला गांधारी मिळते. 22 जुलै 2021 ला महाडात पाणी शिरलं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. तळियेत माणसं गेली, त्या दुःखापुढे कागदाचं काय बोलायचं! पण पाणी ओसरल्यावर महाडात माझ्या जाऊबाईंच्या माहेरी चिखल काढायला आम्ही गेलो, तेव्हा भांडी, धान्य, फ्रीज यांच्याबद्दल कुणी रडलं नाही. रडणं आलं ते लग्नाचे फोटो आणि वडिलांनी चाळीस वर्षं जपलेले दिवाळी अंक लगद्यासारखे हातात आले तेव्हा. त्यातून नऊ अंक वाचवता आले. कसे, ते सांगते.

चिखल सुकू द्यायचा नाही. ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या परातीत अंक मिटलेला धरून हलकेच हिसळायचा. चोळायचं नाही. चिकटलेली पानं ओढून सोडवायची नाहीत. मग कोऱ्या कागदांच्या किंवा टीपकागदांच्या मध्ये ठेवायचं, आणि ते कागद भिजले की बदलायचे. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई उतरते. उन्हात नको, वाऱ्याला किंवा पंख्याखाली वाळवायचं. दोन दिवसांच्या आत हे झालं नाही तर बुरशी धरते. एका वेळी सगळं उरकत नसेल आणि कुणाकडे वीज चालू असेल, तर ओले अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतो. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पानं मात्र एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून त्यांचा नंबर पहिला.

पूर नसला तरी दमट हवा आणि कसर आहेच. त्यासाठी घरच्या घरी करण्यासारख्या गोष्टी अशा :

तसबीर करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात चित्र काचेला चिकटतं. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि तसबीर यांत हवा खेळती राहते, भिंतीची ओल चित्रात उतरत नाही. जिथे थेट ऊन येतं ती भिंत टाळा.

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो तपकिरी होतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. फाटलंच असेल तर मागून पातळ कागदाची पट्टी गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने लावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका.

सुटी चित्रं गुंडाळू नका, आडवी सपाट ठेवा. दोन चित्रांमध्ये साधा पांढरा कागद घाला. पेटीत सुती कापडात बांधलेलं वेखंड ठेवा, आपल्या आज्या पोथ्यांत आणि कपड्यांत ठेवायच्या तसंच. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर त्या चित्राला लागता कामा नयेत. औषधांच्या, बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकून न देता पेटीत टाका, पण घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा बेताने. पेटी जमिनीवर नको, नदीकाठच्या घरात तर पोटमाळ्यावरच हवी.

आणि एक व्यवहाराचं. हल्ली जुन्या वस्तू घ्यायला लोक गावोगाव फिरतात. मुंबईच्या चोरबाजारात जुनी पोस्टरं, चित्रं विकणारी दुकानंच आहेत. विकायला हरकत नाही, घरात अडचण असते, मला कळतं. पण पहिल्या भेटीत हो म्हणू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा, आधी पुढून-मागून फोटो काढून ठेवा, निदान दोघांकडून किंमत काढा. आणखी एक लक्षात असू द्या. चित्राचा कागद आपला असला तरी ते छापून विकण्याचा हक्क आपला होत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो हक्क कायद्याने राखलेला असतो. तो वारसांचा किंवा प्रकाशकाचा असू शकतो. मुळगावकरांच्या बाबतीत ही मुदत 2036 अखेरीपर्यंत आहे. भिशीतल्या मैत्रिणींसाठी कापडी पिशव्यांवर छापून विकायचा बेत असेल तर तो आवरा.

शेवटी एक आनंदाची गोष्ट. मी शाळेत आठवड्यातले तीन दिवस शिकवते. आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत काम दिलं होतं, की घरातल्या जुन्या चित्रांच्या सह्या वहीत उतरवून आणा. मुळगावकर आले, पंडित आले, न वाचता येणाऱ्या बऱ्याच आल्या. एका मुलीने मात्र कागदावरचं नव्हे, पत्र्यावर तैलरंगाने काढलेलं प्रतापगडाचं चित्र आणलं. तिच्या पणजोबांच्या हॉटेलात ते लागलेलं असायचं. सहीत नुसतं एक अक्षर आणि '71'. भिंगातून एकही ठिपका दिसला नाही!

मुलं चौकशी करत सुटली. बाजारातल्या एका ऐंशी वर्षांच्या आजोबांनी सांगितलं, की हा पेंटर इथेच दुकानांच्या पाट्या रंगवायचा, गणपतीची आरास आणि नाटकाचे पडदे करायचा, आणि पाटीचे पैसे झाले की उरलेल्या रंगात एखादं चित्र काढून द्यायचा. कुठल्या पुस्तकात त्याचं नाव नाही. आतापर्यंत त्याची आणखी दोन चित्रं सापडलीत. एक देवळाच्या सभामंडपात आहे आणि एक पिठाच्या गिरणीत, पिठाने पांढरं झालेलं. तिन्ही जागच्या जागी आहेत. मुलांनी मापं घेतली, फोटो काढले. गिरणीवाल्या काकांनी चित्र स्वतः कोरड्या फडक्याने पुसलं आणि पीठ उडणाऱ्या बाजूकडून काढून दुसऱ्या भिंतीला लावलं. मुळगावकरांची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. या पेंटरची ठेवायची तर ती याच बाजारपेठेने ठेवायला हवी.

तेव्हा मृग लागायच्या आत एक दुपार काढा. घरातली जुनी चित्रं खाली घ्या, सही शोधा, आणि चित्राच्या पाठीमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने (शाईने किंवा बॉलपेनाने नको) तीन ओळी लिहा : हे कुठून आलं, कुणी आणलं, कुणी सांगितलं. माहिती विचारायला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठा. चहा करून त्यांच्याजवळ बसा, चित्र हातात द्या आणि घाई करू नका. त्यांना आधी चित्र आठवणार नाही, ते आणणारा माणूस आठवेल. तेसुद्धा लिहून घ्या.